रक्तातले लहान रेणू चिपवर मोजायचे असतील तर सुरुवात कुठून करावी

बफरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या साध्या क्षार-द्रावणात, झकास चालणारी मायक्रोफ्लुइडिक चिप (केसाएवढ्या चॅनेलमधून थेंबभर द्रव नेऊन मोजणारी छोटी पट्टी) रक्त दिसलं की तोंडघशी पडते, हा या क्षेत्रात नव्याने आलेल्या जवळपास प्रत्येकाचा अनुभव. मग दोष चिपवर ढकलला जातो: चॅनेल नीट कोरलं गेलं नाही, इलेक्ट्रोड खराब निघाला. पुष्कळदा खरं कारण वेगळंच असतं. मोजायचा रेणू वाटेत कुठेतरी अडकलेला असतो. लाल पेशीच्या आत, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून, नाहीतर चक्क चिपच्या भिंतीत. म्हणून या लेखात चिप बनवण्याच्या कृतीपेक्षा रेणूचा हिशेब कसा ठेवायचा यावर जास्त भर आहे.

लहान रेणू म्हणजे साधारण १,००० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आतले. लॅक्टेट ९०, क्रिएटिनिन ११३, पॅरासिटामॉल १५१, ग्लुकोज आणि थिओफिलिन दोन्ही १८०, हृदयाचं औषध डिजॉक्सिन ७८१, अवयव-प्रत्यारोपणानंतर देतात ते टॅक्रोलिमस ८०४. मनोविकारावर देतात ते लिथियम म्हणजे नुसता आयन, पण तोही याच साधनांनी मोजतात.

पहिली पायरी: आकडा कागदावर लिहा

कुठलंही डिझाइन काढण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा. रक्तात हा रेणू किती असतो, किती फरक ओळखता यायला हवा, आणि उत्तर किती वेळात हवं.

हे वाटतं तितकं औपचारिक काम नाही. उपाशीपोटी ग्लुकोज लिटरमागे ५ मिलिमोलच्या आसपास असतं. डिजॉक्सिनची उपचारातली पातळी मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या घरात, म्हणजे लिटरमागे सुमारे १.३ नॅनोमोल. दोघांत जवळजवळ चाळीस लाख पटींचा फरक आहे. ग्लुकोजसाठी शोभणारी युक्ती डिजॉक्सिनला लावायला गेलात तर सहा महिने वाया जातील, आणि हे पहिल्याच दिवशी आकडेमोडीने कळण्यासारखं होतं.

लिथियमचं उदाहरण वेगळ्या अडचणीचं आहे. त्याची उपचारातली पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते १.२ मिलिमोल, आणि १.५ च्या वर विषबाधेची भीती. म्हणजे उपयोग आणि अपाय यांच्यातली जागा अरुंद, त्यामुळे ३० टक्के चूक चालणार नाही. शिवाय त्याच रक्तात सोडियम १४० मिलिमोल असतं. इथे आव्हान संवेदनशीलतेचं नाही, लिथियमला सोडियमच्या गर्दीतून वेगळं काढण्याचं आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या गटाने यासाठी चिपवरचं कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस वापरलं. विद्युतक्षेत्रात आयन वेगवेगळ्या वेगाने धावतात, आणि शेवटी वाहकता मोजून कोण आलं ते ओळखता येतं.

पहिलाच प्रकल्प असेल तर माझा सल्ला: ग्लुकोज किंवा लॅक्टेट घ्या. कंटाळवाणं वाटेल, नवीन काही नाही असंही कुणी म्हणेल. पण खरं उत्तर दुसऱ्या उपकरणावर सहज तपासता येतं, आणि शिकताना तेच सगळ्यात मोलाचं असतं.

रेणू रक्तात नेमका कुठे असतो

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून इथे जरा थांबू.

रक्ताचा सुमारे ४० ते ४५ टक्के भाग पेशींचा, उरलेला द्रव म्हणजे प्लाझ्मा. प्लाझ्मात लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन, ज्याला पाण्यात न रमणारी औषधं आनंदाने चिकटतात. त्यामुळे ‘रक्तातलं प्रमाण’ या शब्दांचे तीन अर्थ होतात: संपूर्ण रक्तातलं, प्लाझ्मातलं एकूण, आणि प्लाझ्मातलं मोकळं.

फेनिटोइन या अपस्माराच्या औषधाचं सुमारे ९० टक्के प्रथिनांना बांधलेलं असतं. एकूण पातळी मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम हवी असं म्हणतात, तेव्हा मोकळं फेनिटोइन १ ते २ मायक्रोग्रॅमच असतं. तुमचा सेन्सर फक्त मोकळे रेणू पाहत असेल तर तो एकूण पातळीचा दहावा हिस्सा दाखवेल. तो चुकलेला नाही, त्याने वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. शरीरावर परिणाम करतो तो मोकळाच भाग, त्यामुळे अल्ब्युमिन घटलेल्या रुग्णात हे उत्तर जास्त उपयोगाचंही ठरतं. फक्त आपण काय मोजतोय हे ठाऊक हवं.

टॅक्रोलिमस उलट्या बाजूचं. ते बहुतांश लाल पेशींत जाऊन बसतं, म्हणूनच ते संपूर्ण रक्तात मोजायची रीत आहे. अशा औषधासाठी चिपवर पेशी गाळून स्वच्छ प्लाझ्मा काढलात, तर हत्ती गाळून शेपूट मोजल्यासारखं होईल. इथे पेशी फोडणं हीच पहिली क्रिया.

साधं ग्लुकोजसुद्धा यातून सुटत नाही. लाल पेशीत पाण्याचा वाटा प्लाझ्मापेक्षा कमी असतो, त्यामुळे त्याच नमुन्यात प्लाझ्मातलं ग्लुकोज संपूर्ण रक्तातल्यापेक्षा सुमारे ११ टक्के जास्त येतं. हा आकडा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ०.४३ धरून काढलेला आहे. हिमॅटोक्रिट बदललं की तोही हलतो.

ओळखायचं कसं

मोठ्या प्रथिनाला दोन अँटिबॉडी दोन बाजूंनी पकडू शकतात. गर्भचाचणीच्या पट्टीत तेच होतं. लहान रेणूवर दोघींना पुरेल एवढी जागाच नसते. त्यामुळे स्पर्धात्मक पद्धत वापरावी लागते: खूण लावलेला तोच रेणू आणि नमुन्यातला रेणू एकाच अँटिबॉडीसाठी झगडतात. नमुन्यात रेणू जास्त, तर सिग्नल कमी. हे उलटं नातं नवख्याला गोंधळात टाकतं, आणि एक धोकाही सोबत आणतं. चिप अर्धवट भरली, बुडबुडा आला, अभिकर्मक खराब झाला, तरी सिग्नल कमीच येतो आणि तो ‘प्रमाण जास्त’ असा वाचला जातो. स्पर्धात्मक चिपवर स्वतंत्र नियंत्रण-रेषा किंवा नियंत्रण-इलेक्ट्रोड ठेवायलाच हवा.

ज्यांच्यासाठी निसर्गाने एन्झाइम दिलंय त्यांचं सोपं. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज इलेक्ट्रोडवर बसवण्याची कल्पना मांडली. आजचे ग्लुकोमीटर त्याच कल्पनेचे वंशज. लॅक्टेट आणि क्रिएटिनिन याच वाटेने जातात.

औषधांसाठी सहसा असं एन्झाइम मिळत नाही. तिथे अ‍ॅप्टामर कामी येतो. ही डीएनएची छोटी साखळी, जी ठरावीक रेणू सापडला की घडी बदलते. एक टोक सोन्याच्या इलेक्ट्रोडला बांधायचं, दुसऱ्या टोकाला मिथिलिन ब्ल्यू लावायचं. घडी बदलली की मिथिलिन ब्ल्यूचं इलेक्ट्रोडपासूनचं अंतर बदलतं आणि प्रवाहही. याची मोठी सोय अशी की धुण्याची पायरी लागत नाही आणि रेणू सुटला की सेन्सर पूर्ववत होतो. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या सोह यांच्या गटाने जिवंत उंदरांच्या रक्तात डॉक्सोरुबिसिन आणि कॅनामायसिन असं सलग मोजून दाखवलं.

रंगावर आधारित चाचण्यांबद्दल थोडक्यात: क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक पेल्यात) प्रकाश १ सेंटिमीटर द्रवातून जातो, १०० मायक्रोमीटर खोल चॅनेलमध्ये त्याच्या शंभराव्या हिश्श्यातून. शोषणही तेवढंच घटतं. त्यात हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरजवळ प्रचंड शोषण करतं, म्हणजे थोड्या पेशी फुटल्या तरी रंगाचा खेळखंडोबा. पोर्टेबल उपकरणात मी बहुतेक वेळा इलेक्ट्रोडचीच बाजू घेईन.

चिप कशाची

प्रयोगशाळेत हाताशी असतं ते पीडीएमएस, म्हणजे एक प्रकारचं सिलिकॉन. ओतायला सोपं, पारदर्शक, काचेला छान चिकटतं. पण ते रबर आहे, आणि पाण्यापेक्षा तेलात रमणारे लहान रेणू त्यात शिरून बसतात. नुसते पृष्ठभागावर चिकटत नाहीत, आत जातात. एका नमुन्यातला रेणू पुढच्या नमुन्यात हळूहळू बाहेरही येतो. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसारख्या औषधासाठी पीडीएमएस घेणं म्हणजे हातानेच नमुन्याला गळती लावणं. ग्लुकोज, लॅक्टेट, लिथियम हे पाण्यातले गडी आहेत, त्यांना पीडीएमएस चालतं.

तुमच्या रेणूचा लॉग-पी शोधा, म्हणजे तो पाण्यापेक्षा तेलात किती रमतो याचा आकडा. तो साधारण २.५ च्या वर असेल तर काच किंवा सायक्लिक ओलेफिन प्लास्टिककडे वळा. तपासणी सोपी आहे: ठाऊक प्रमाणाचं द्रावण चिपमध्ये भरा, मोजणीला लागतो तेवढा वेळ ठेवा, बाहेर काढा आणि बाहेर आलेल्या द्रवात किती उरलं ते एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) पाहा. नळ्या, गाळणपटल, गोंद या सगळ्यांची अशीच झडती घ्या. सिलिकॉनची नळी लावून काचेची चिप वापरणारे लोक मी पाहिलेत. त्यांचा रेणू चिपपर्यंत पोचतच नव्हता.

प्रवाह, मिसळणं आणि बुडबुडे

१०० मायक्रोमीटरच्या चॅनेलमध्ये पाणी सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने गेलं तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळेल याचं माप) ०.१ येतो. खळबळ नाही, भोवरे नाहीत. दोन प्रवाह शेजारी शेजारी सोडले तर ते तसेच सरळ जातात आणि फक्त विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने, मिसळतात. लहान रेणूला १०० मायक्रोमीटर ओलांडायला सुमारे १० सेकंद लागतात. अंतर दहापट कमी केलं की वेळ शंभरपट कमी होतो. अल्ब्युमिनला त्याच अंतरासाठी मिनिटभराहून जास्त वेळ लागतो, आणि लाल पेशी तर तेवढ्या वेळात जागच्या हलत नाहीत.

या फरकाचा फार सुरेख उपयोग वॉशिंग्टन विद्यापीठात पॉल येगर यांच्या गटाने केला: एका बाजूने रक्त, दुसऱ्या बाजूने बफर, मध्ये कुठलंही पटल नाही. लहान रेणू बफरमध्ये सरकतात, पेशी रक्तातच राहतात, आणि पुढे दोन प्रवाह वेगळे होतात. सोह यांच्या गटानेही इलेक्ट्रोडवर बफरचा असाच थर वाहता ठेवून पेशी दूर राखल्या. किंमत अशी की दोन्ही प्रवाह सारखे असतील तर जास्तीत जास्त निम्माच रेणू पलीकडे जातो, आणि जातो तो मुख्यतः मोकळा भाग. हिशेबाच्या वहीत हे नोंदवायचं.

चॅनेल उथळ करताना सांभाळा. रुंद आणि उथळ चॅनेलची खोली निम्मी केली की प्रवाहाला अडथळा आठपट होतो, आणि रक्त पाण्यापेक्षा तीन-चारपट घट्ट. शक्य असेल तर पंप टाळून केशाकर्षणावर भरणारी चिप करा. पीडीएमएसला ऑक्सिजन प्लाझ्माने (हा रक्तातला नव्हे, विद्युतभारित वायू) पाणीप्रेमी करता येतं, पण तो गुण काही तासांत किंवा दिवसांत ओसरतो.

बुडबुडे म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. बफरमधली हवा आधी व्हॅक्युमने काढा, थंड बफर थेट गरम चिपमध्ये सोडू नका, चॅनेलला काटकोनी कोपरे देऊ नका.

रक्त हातात घेताना

प्रथम परवानग्या आणि सुरक्षा. माणसाच्या रक्तावर काम करायला संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता लागते, मित्राचं बोट टोचून ‘फक्त बघू’ असं करायचं नाही. हिपॅटायटिस बीची लस, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, सुयांसाठी वेगळा डबा. सांडलं तर ०.५ टक्के ताजं सोडियम हायपोक्लोराइट टाकून दहा मिनिटं थांबा.

बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा घ्या. बोट पिळू नका. पिळल्याने ऊतीतला द्रव मिसळतो आणि पेशी फुटतात. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या तीसपटीहून जास्त असतं, त्यामुळे थोडी फूटही पोटॅशियमचा आकडा फुगवते.

गोठू नये म्हणून काय घालता तेही बघा. पोटॅशियमचं ईडीटीए असलेल्या नळीतून पोटॅशियम मोजायचं नाही, लिथियम हेपारिनच्या नळीतून लिथियम मोजायचं नाही. वाचताना हसू येतं, पण कपाटात नेमकी तीच नळी असते. ईडीटीए कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतं, तेव्हा त्यांच्यावर घडी टिकवणारा अ‍ॅप्टामरही त्यात बिघडू शकतो.

आणि वेळ. रक्त बाहेर काढलं तरी पेशी जेवायच्या थांबत नाहीत. खोलीच्या तापमानाला ग्लुकोज तासाला ५ ते ७ टक्के घटतं, लॅक्टेट वाढत जातं. चिप आणि तुलनेचं उपकरण यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर पडलं तर फरक चिपचा की पेशींचा, हे कोण सांगणार?

प्लाझ्मा काढायचा असेल तर अपेक्षा बेताची ठेवा. १० मायक्रोलिटर रक्तात ५.५ मायक्रोलिटरच्या आसपास प्लाझ्मा असतो, गाळून हाती येतो तो त्याहून बराच कमी.

कॅलिब्रेशन रक्तातच

बफरमधली रेघ सरळ आली की लोक पेढे वाटतात. ती रेघ फक्त सेन्सर जिवंत आहे एवढंच सांगते. खरी कॅलिब्रेशन रेघ, म्हणजे सिग्नलवरून प्रमाण वाचायची रेघ, रक्तात किंवा प्लाझ्मात काढायची: रेणू नसलेलं रक्त घ्या, त्यात ठाऊक प्रमाणं मिसळा, किमान पाच-सहा पातळ्या, प्रत्येकी तीन वेगळ्या चिपवर. तीच चिप तीनदा वापरली तर चिप-चिपमधला फरक लपून राहतो.

औषध मेथॅनॉलमध्ये विरघळवून मिसळत असाल तर मेथॅनॉलचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर पेशी फुटतील. मिसळल्यावर लगेच मोजू नका. ३७ अंशांना अर्धा तास ठेवून औषधाला पेशींत आणि अल्ब्युमिनवर आपापली जागा घेऊ द्या. ताजं मिसळलेलं औषध मोकळं असतं आणि चिप उगाच हुशार दिसते.

आता परतीचा हिशेब. समजा १०० भाग मिसळले आणि चिपने ६० दाखवले. उरलेले ४० कुठे गेले, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. नुसता १.६७ चा गुणक लावून मोकळं होणं सोपं आहे, पण पुढच्या रुग्णाचं अल्ब्युमिन किंवा हिमॅटोक्रिट वेगळं असलं की तो गुणक पडतो. हिमॅटोक्रिट ३०, ४५ आणि ५५ असे नमुने मुद्दाम तयार करून तीच पातळी मोजा.

किमान ओळखता येणारं प्रमाण काढायला रिकाम्या रक्ताच्या वाचनांचं प्रमाण विचलन घ्या, त्याला ३.३ ने गुणा आणि रेघेच्या उताराने भागा. विश्वासाने आकडा सांगायचा तर ३.३ ऐवजी १०. स्पर्धात्मक चाचणीत रेघ सरळ नसते, एस-आकाराची असते. तिला चार घटकांचं समीकरण बसवा आणि फक्त मधल्या चढावरच भरवसा ठेवा.

लबाडी करणारे इतर रेणू

पॅरासिटामॉल, युरिक आम्ल, क जीवनसत्त्व हे तिघे इलेक्ट्रोडवर स्वतःच ऑक्सिडाइझ होतात आणि ग्लुकोजचा आव आणतात. एन्झाइमने ग्लुकोजपासून तयार केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजणारे सेन्सर यांना हमखास फसतात. एन्झाइम नसलेला दुसरा इलेक्ट्रोड शेजारी ठेवून त्याचं वाचन वजा करणं हा जुना, साधा आणि चांगला उपाय.

हे किती गंभीर होऊ शकतं? पीक्यूक्यू प्रकारचं ग्लुकोज डिहायड्रोजनेज हे एन्झाइम वापरणाऱ्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माल्टोज या दुसऱ्या साखरेलाही ग्लुकोज समजत. आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण वापरून पेरिटोनियल (पोटाच्या पोकळीतून होणारं) डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांत माल्टोज साठतं. साखर खोटी जास्त दिसली, इन्सुलिन दिलं गेलं आणि रुग्ण दगावले. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २००९ मध्ये त्यावर सूचना काढली. म्हणून तुमचा रुग्ण आणखी कोणती औषधं घेत असेल त्याची यादी करा आणि प्रत्येक औषध उपचारातल्या कमाल पातळीला मिसळून बघा.

दुसऱ्या पद्धतीशी तुलना

औषधांसाठी संदर्भ म्हणून एलसी-एमएस/एमएस, ग्लुकोजसाठी प्रयोगशाळेतला अ‍ॅनालायझर. एकाच नमुन्याचे दोन भाग करा आणि एकाच वेळी मोजा. सहसंबंधाचा गुणांक ०.९८ आला म्हणून खूश होऊ नका. चिप प्रत्येक वेळी दुप्पट दाखवत असेल तरी तो ०.९८ येईल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये सुचवलेला आलेख काढा: आडव्या अक्षावर दोन्ही पद्धतींची सरासरी, उभ्यावर फरक. कल कुठे झुकतोय ते तिथे लगेच दिसतं. स्वीकाराची मर्यादा कशी ठरवतात याचा नमुना हवा असेल तर ग्लुकोमीटरसाठीचं आयएसओ १५१९७ चं २०१३ चं मानक बघा: १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ±१५ मिलिग्रॅम, त्याच्या वर ±१५ टक्के, आणि ९५ टक्के वाचनं या हद्दीत.

टेबलावरून उचलून बाहेर नेताना

एन्झाइमचा वेग आणि विसरण दोन्ही तापमानाच्या प्रत्येक अंशामागे काही टक्क्यांनी बदलतात. एकतर चिप ३७ अंशांवर धरून ठेवा, जसं १९९२ पासून बाजारात असलेलं आय-स्टॅट हे हातातलं रक्ततपासणी यंत्र करतं, नाहीतर तापमान मोजून दुरुस्ती करा. आय-स्टॅटचं आणखी एक शहाणपण घेण्यासारखं आहे: कार्ट्रिजमध्येच कॅलिब्रेशनच्या द्रवाची पुडी असते, आणि नमुन्याआधी तोच द्रव सेन्सरवरून जातो. प्रत्येक चिप स्वतःची परीक्षा देऊनच कामाला लागते.

अभिकर्मक चिपमध्ये सुकवून ठेवत असाल तर ट्रेहॅलोज (सुकताना प्रथिनं टिकवणारी साखर) घाला आणि आर्द्रताशोषकासह सीलबंद पाकिटात ठेवा. दर आठवड्याला एक पाकीट उघडून ठाऊक नमुना मोजत राहा, चिपचं आयुष्य त्यातूनच कळेल.

शेवटी रीडरचं, म्हणजे चिप वाचून आकडा दाखवणाऱ्या उपकरणाचं, सॉफ्टवेअर. थेंब कमी पडला, चॅनेल वेळेत भरलं नाही, नियंत्रण-इलेक्ट्रोड हद्दीबाहेर गेला, तापमान चुकलं, यांपैकी काहीही झालं तर पडद्यावर आकडा दाखवूच नका, फक्त ‘चिप बदला’ एवढंच लिहा. संशयास्पद आकड्याशेजारी छोटं इशाराचिन्ह टाकण्याचा मोह होतो, पण घाईतला माणूस आकडाच वाचतो. आणि ही चिप रीतसर मान्यता मिळेपर्यंत कुणाच्याही औषधाचा डोस तिच्या आकड्यावर ठरता कामा नये, हे रीडरच्या झाकणावरच छापून टाका.